संकासुराच्या आत

“म्हणजे मास्तर, इतकी वर्षं आम्हाला उल्लूच बनवलंत म्हणायचं?”

भुवड मास्तर अंगणात बसून कमरेला घुंगरांचा पट्टा बांधत होते. अंगात काळा झगा चढला होता. टोकदार टोपी आणि पांढरी दाढी शेजारी ठेवली होती. एवढं चढवलं की शिमग्यात दोर घेऊन गावाला पळवणारा संकासुर तयार.

सुहास मांडवकर सकाळच्या एसटीनं तावातावानं आला होता. साहजिकच होतं. तालुक्यातले चार मांत्रिक मास्तरांनी उघडे पाडलेले. देव नाही, भूतही नाही, हे सुहास त्यांच्याच पायाशी बसून शिकला. आणि तेच मास्तर दरवर्षी पालखीपुढे सोंग घेऊन नाचतात, हे त्याला परवा कळलं. बातमी खरी निघाली तर गुरूला रामराम ठोकायचा, हे ठरवूनच तो खाडीकाठच्या या वाडीत उतरला होता.

“देव मानता तुम्ही?”

“नाही.”

“भूत?”

“छे.”

“मग हे काय?”

“हे शिवायला आठ दिवस लागले,” मास्तर म्हणाले. “टोपी बघ. यंदा वीतभर वाढवलीय.”

“मी थट्टा करत नाही, मास्तर.”

“मी तरी कुठं करतोय? तो पट्टा मागून ओढ जरा.”

सुहासनं ओढला. नको तितक्या जोरानं.

“तीन वर्षं शिमग्याला मी घरी गेलो नाही,” तो म्हणाला. “तुमचा शिष्य म्हणून. आई फोनवर रडते. पालखीला माझा खांदा असायचा. आजही दुपारी निघेल आमच्या गावची पालखी. मी मन मारून बसायचं, आणि तुम्ही इथं घुंगरं बांधायची?”

मास्तरांचा हात थांबला.

“जाऊ नको, असं मी सांगितलं होतं?”

सुहासनं पट्टा सोडून दिला.

“मांत्रिकाच्या दारात उभा राहू नको, म्हटलं होतं. आजाऱ्याला दवाखान्यात ने, म्हटलं होतं. शिमग्याला जाऊ नको, असं कधी म्हटलं रे?”

सुहास आठवत राहिला. काही केल्या आठवेना. ते त्याला फार लागलं.

वाडीच्या तोंडाशी ढोल वाजला. मास्तर सत्तरीचे, पण ताडकन उठले. दाढी लावली, टोपी चढवली, जाडजूड दोर हातात घेतला. अंगणात मास्तर म्हणून कुणी उरलंच नाही.

“आत कोण आहे हे गावाला माहीत असतं?” सुहासनं विचारलं.

“शेंबड्या पोरालासुद्धा.”

“मग घाबरतं कोण?”

“सगळे.”

घुंगरं खणाणली. दोर सप्पकन जमिनीवर बसला. सुहास हाताची घडी घालून उभा राहिला, विवेकी माणसाला शोभेल असा.

दुसरा फटका चपलेपाशी बसला. विवेकी माणसानं टुणकन उडी मारली.

तिसऱ्या फटक्याची त्यानं वाटच पाहिली नाही. चपला हातात घेऊन तो सुटला, आणि मागे घुंगरं सुटली. दारादारांतून बाया ओरडत होत्या, “धर, धर त्याला!” एक आजी तर काठी टाकून टाळ्या पिटत होती. सुहासनं एक कुंपण ओलांडलं, शेणात पाय घातला, पुन्हा पळाला. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता आणि तोंडातून हसू फुटत होतं. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता. त्याला फार, फार बरं वाटत होतं.

थेट फाट्यावर येऊन तो थांबला. त्याच्या गावाकडे जाणारी एसटी वळणावर दिसत होती. धापा टाकत, हसत, त्यानं दोन्ही हात वर केले.

“मास्तर... पुरे. मला ठाऊक आहे, आत तुम्हीच आहात.”

संकासुरानं दोर उगारला.

“मलाही ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पळ.”