कप्तानाची उरलेली पापं

कप्तान फेर्नांवची पापं काही केल्या पुरी होईनात!

खाडीकाठच्या कोटाचा हा फिरंगी कप्तान. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. त्या काळी पापमाफीची पत्रं विकत मिळत. घाऊक घेतली तर स्वस्त पडतं, म्हणून त्यानं पुढं करायच्या एकदम शंभर पापांचं पत्र घेतलं. मुदत ईस्टरच्या आदल्या संध्याकाळच्या घंटेपर्यंत. शेवटचा दिवस उजाडला, तरी निम्मी पापं शिल्लक! सकाळपासून त्यानं आचाऱ्याला शिव्या घातल्या, पाद्रीबाबांची टोपी लपवली, मांजराशीसुद्धा खोटं बोलला. पण एवढ्यानं काय होतंय?

शेवटी त्याच्या हुकमानं शिपायांनी गावातल्या गरीब इनासच्या परसातली डुकरीण ओढून आणली. मागोमाग इनासची लेक पावलीन धावत आली. पत्राची गोष्ट तिनंही ऐकली होती.

"सायबा, ती गाभण आहे. आमचं वर्ष तिच्यावर निघतं."

"म्हणून तर आणली. चोरी एक, उपासाच्या दिवसांत मांस दोन, गरिबाची हाय तीन. एका डुकरिणीत तीन पापं कुठं मिळतात?"

"आणि तिला न मारता पापं पुरी झाली तर?"

कप्तान खुर्चीत रेलला. "घंटेआधी कर पुरी. पण कुणाला लुटायचं नाही, मारायचं नाही आणि मला इथून उठवायचं नाही. जमलं तर डुकरीण तुझी. नाहीतर ती चुलीवर, आणि चूल फुंकायला तू."

तेवढ्यात टोपी शोधत पाद्रीबाबा आले.

"बाबा, लोभ हे पाप ना?"

"महापाप, पोरी. माझी टोपी पाहिलीस का?"

पावलीन कप्तानाकडे वळली. "सायबा, पत्राचे पैसे वाया जातील, असं मनात कितीदा आलं?"

"अगं, रात्र रात्र झोप नाही. कूस बदलली की तेच."

"मग दर कुशीला एक लोभ धरा. तुमचं पत्र कधीच भरलं."

कप्तानाचा चेहरा उतरला. "मग आजच्या शिव्या? टोपी? मांजर?"

"ती पत्राबाहेरची, तुमच्या अंगावर आली, सायबा. त्यात डुकरीण खाल्लीत, तर आणखी तीन. नवं पत्र घ्यावं लागेल."

कप्तान असा हसला, की मांडीखाली दडवलेली टोपी खाली पडली. "ने तुझी डुकरीण! आणि हे बक्षीस." त्यानं थैलीतून एक मोहर काढली. पण देता देता हात अडखळला.

"लवकर द्या, सायबा," पावलीन म्हणाली. "हात थांबला की एक वाढतं."

हसून हसून डोळे पुसत कप्तानानं अख्खी थैलीच तिच्या ओंजळीत टाकली.