शेळीने बांधलेलं लोढणं

सकाळचे बरोबर सव्वासात वाजले होते. माळापलीकडच्या शाळेची पहिली घंटा झाली, आणि त्याच वेळी डांबरी रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला. मागचं फळकं उघडलं, आतून कुणीतरी एका कुत्र्याला खाली ढकललं, फळकं लागलं आणि टेम्पो निघाला. कुत्रा त्याच्यामागे धावला. असा धावला, बाळांनो, की पाय जमिनीला लागतात की नाही तेच कळेना. पण टेम्पो वळणाआड गेला तसा कुत्रा थांबला. मग माघारी आला आणि जिथे त्याला ढकललं होतं, बरोबर तिथेच येऊन बसला.

हे सगळं एक शेळी बघत होती. त्याच माळावर मेंढपाळांनी सोडलेल्या एका वाडग्यात तिचं बिऱ्हाड होतं. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायला रचलेलं दगडांचं कुंपण. मेंढपाळ कळप घेऊन पुढे गेले तेव्हा शेळीचे दिवस भरत आले होते, तिला चालवेना, म्हणून ती एकटी मागे राहिली. आता तिला एक करडू होतं. एकुलतं एक, पांढऱ्या कानांचं. ते नुसतं शिंकलं तरी शेळी चरणं सोडून धावत यायची. जरा जोराचा वारा सुटला की तिला वाटायचं, आता हा माझ्या लेकराला उडवूनच नेणार.

दुपार झाली तरी कुत्रा जागचा हलेना. शेवटी शेळीला राहवलं नाही. ती रस्त्याच्या कडेला गेली आणि लांबूनच म्हणाली, "कुणाची वाट बघतोस रे बाबा?"

"मालकाची," कुत्रा म्हणाला.

"तुला टाकून गेलेत ते. का टाकलं?"

कुत्र्याने मान खाली घातली. "शर्यत होती, ताई. पुढे ससा सोडतात आणि आम्ही मागे पळायचं. मी सगळ्यांच्या पुढे होतो. पण ससा दमला आणि मधेच खाली बसला. पळणारं काही दिसलं की माझे पाय आपोआप सुटतात, पण बसलेल्याला धरायचं मला होत नाही. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. मालक म्हणाला, हा बिनकामाचा."

खरं सांगायचं तर शेळीच्या कानात 'ससा' आणि 'पळायचं' एवढेच दोन शब्द राहिले. बाकीचं तिने ऐकलं आणि सोडून दिलं. तेवढ्यात बाभळीवरचा कावळा ओरडला, "बघू या तरी, या माळावर कुणाचं मन मोठं आहे ते!" आसपास चरणारी गुरं मान वर करून बघायला लागली. शेळीला एकदम काय वाटलं कोण जाणे. "चल माझ्याकडे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्यातलंच अर्धं खा आणि राहा."

असा कुत्रा वाडग्यात आला.

तो बाकीच्या कुत्र्यांसारखा नव्हता. बारीक कंबर, लांबच लांब पाय, आणि कातडी अशी पातळ की काट्याची नुसती ओझरती रेघ लागली तरी रक्त यायचं. भुंकणं त्याला माहीतच नव्हतं. सकाळी एकदा तो माळाला वाऱ्यासारखा एक वेढा घालून यायचा, आणि नंतर दिवसभर उन्हात अंगाची गुंडाळी करून झोपायचा. थंडी त्याला मुळीच सोसायची नाही. जरा गारवा पडला की लटलट कापायचा, हळूच सरकत सरकत शेळीच्या पोटाशी यायचा आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून डोळे मिटायचा. शेळी म्हणायची, "अरे, जरा सरक की! मला श्वास तरी घेऊ दे." पण तो सरकला नाही तर तिला मनातून बरंच वाटायचं. करडू तर पहिल्याच दिवसापासून त्याला 'मामा' म्हणायला लागलं होतं.

कावळा मात्र येता-जाता टोचायचा. "काय गं शेळीबाई, पाहुण्याला उपाशी ठेवतेस होय? फासळ्या मोजून घ्याव्यात त्याच्या!"

"अरे, त्याचा बांधाच तसा आहे!" शेळी रडकुंडीला येऊन सांगायची. "वाटीभर दूध रोज माझ्यासमोर पितो. विचार त्याला!"

"दोन वाट्या," कुत्रा डोळे न उघडताच म्हणायचा.

एके दिवशी सकाळी करडू आणि कुत्रा माळावर खेळत होते. करडू उड्या मारत सुटलं, आणि कुत्र्याचे पाय त्याच्यामागे सुटले. शेळीने वाडग्यातून पाहिलं तर काय, पुढे तिचं लेकरू आणि मागे तोंड उघडलेला शिकारी कुत्रा! तेवढ्यात करडाचा पाय अडखळला आणि ते पडलं. कुत्रा जागच्या जागी थांबला, त्याने करडाचा कान चाटला आणि शेजारी बसला. पण हे शेळीने पाहिलंच नाही. तिने भीतीने डोळे गच्च मिटून घेतले होते.

त्याच दिवशी ती तळ्याकाठच्या म्हशीकडे गेली. म्हणाली, "आत्याबाई, मला झोप नाही. त्याला ठेवूही नाही वाटत आणि घालवलं तर माळ काय म्हणेल?"

"एवढंच ना?" म्हैस रवंथ करत म्हणाली. "आमच्यात धावऱ्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात. पळायला लागलं की लाकूड पायांत येतं आणि गूर मुकाट चालतं. लहानपणी मलाही होतं. ते पडलंय बघ तिकडे, घेऊन जा."

लोढणं म्हणजे हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका. घायपाताच्या दोराने शेळीने तो कुत्र्याच्या गळ्यात बांधला. एक गाठ मारली, मग तिला वाटलं सुटेल, म्हणून दुसरी मारली, मग तिसरी. अशा सात गाठी मारल्या. कुत्र्याने विचारलं, "माझं काही चुकलं का, ताई?"

"चुकलं नाही रे. तुझ्याच भल्यासाठी आहे. रस्त्यावर जाशील, गाडीखाली येशील."

"मग बांध," कुत्रा म्हणाला आणि त्याने मान पुढे केली.

त्या दिवसापासून कुत्र्याचं धावणं संपलं. चालतानासुद्धा ओंडका त्याच्या नडग्यांवर आपटायचा. पातळ कातडीच ती, दोन दिवसांत सोलून निघाली. करडू रोज विचारायचं, "आई, मामाचं कधी सोडणार?" शेळी म्हणायची, "तू जरा मोठा झालास की सोडू." कुत्र्याच्या पायावरच्या जखमा तिला दिसायच्या. दिसल्या की ती दुसरीकडे बघून पाला ओरबाडायला लागायची.

आणि पाणवठ्यावर काय चालायचं, ऐका. कुत्र्याला ओंडका घेऊन तिथवर येता येत नसे. शेळी एकटीच जायची. गाई म्हणायच्या, "टाकून दिलेलं जनावर जवळ केलंस, बाई. किती मोठं मन तुझं!" शेळी मान खाली घालायची. गाईंना वाटायचं, किती विनयी आहे ही! एकदाही तिच्या तोंडून निघालं नाही, की ज्याला मी जवळ केलं त्याला मीच बांधून ठेवलंय.

हे सगळं झुडपाआडून एक कोल्हा बघत होता. कुत्रा आल्यापासून त्याने या बाजूला पाय टाकला नव्हता. आता मात्र एका दुपारी तो उघड्यावरून, सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा चालत आला. कुत्रा उठला. कोल्हा हसून म्हणाला, "वा मामा! दागिना छान आहे." मग शेळीकडे वळून म्हणाला, "शेळीबाई, तुमचे उपकार कसे फेडू? एवढी सोय माझी कुणी केली नव्हती."

आणि शेळीच्या डोळ्यांदेखत त्याने करडाला मागच्या पायाला धरून उचललं आणि धूम ठोकली.

कुत्रा धावला. ओंडका पायांत आला आणि तो तोंडावर आपटला. उठला, पुन्हा धावला, पुन्हा आपटला. "आई!" असं करडू लांबून ओरडलं. शेळी कुत्र्याजवळ आली आणि तिने दोराला दात लावले. पहिली गाठ. दुसरी. तिसरी निघेना. स्वतःच पाय देऊन ओढून आवळलेली ती! दोराच्या काथ्याने तिचं तोंड कापलं, रक्त यायला लागलं. चौथी. पाचवी. कोल्हा माळाच्या कडेचा ओढा उतरला. कुत्रा रागाने काही बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तिला दात नीट लावता यावेत म्हणून त्याने फक्त मान आणखी थोडी पुढे केली. बांधताना केली होती ना, अगदी तशीच.

सातवी गाठ तुटली आणि ओंडका खाली पडला.

मग माळाने जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. रक्ताळलेल्या पायांनी कुत्रा जमिनीवरून नुसता सरकत गेला. ओढा त्याने एका उडीत मागे टाकला. चढावर कोल्ह्याने मागे वळून पाहिलं, आणि कुत्रा त्याच्या शेपटाला टेकला होता! कोल्ह्याने करडाला टाकलं आणि जिवाच्या आकांताने तो पळत सुटला. पळणारा कोल्हा समोर होता आणि पडलेलं करडू पायाशी. कुत्रा थांबला. करडाजवळ खाली बसला, त्याने त्याचा पांढरा कान चाटला आणि शेळी धापा टाकत येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

मालकाने ज्यासाठी त्याला बिनकामाचा म्हटलं होतं, ते हेच थांबणं. शेळीला पहिल्याच दिवशी त्याने ते सांगितलं होतं. तिने ऐकलं आणि सोडून दिलं होतं.

करडू वाचलं. पण मागचा पाय कायमचा अधू झाला. चार गाठी कमी असत्या तर कोल्हा ओढ्याच्या अलीकडेच सापडला असता. लोढणंच नसतं तर त्याने वाडग्याकडे वळूनही पाहिलं नसतं. हे शेळीला कुणी सांगावं लागलं नाही.

बातमी पसरली तसा सगळा माळ वाडग्यापाशी जमला. कावळ्याने तर सूरच बदलला. "शाबास, शेळीबाई! तू याला आसरा दिलास म्हणून आज तुझं लेकरू वाचलं. पुण्य असं फळतं बघ!"

शेळीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. गप्प राहिली असती तर तेही खपलं असतं. पण करडू लंगडत तिच्याजवळ आलं आणि वर तोंड करून बघायला लागलं.

"मी आसरा दिला नाही," शेळी म्हणाली. "तुम्ही बघत होतात म्हणून मी त्याला घरी आणलं. आणि मला भीती वाटली म्हणून त्याला बांधून ठेवलं. त्याच्या भल्यासाठी म्हणाले, ते खोटं होतं. लेकराचा पाय कोल्ह्याने धरला, पण कोल्ह्याला वाट मी करून दिली. मलाही कळपाने एक दिवस मागे टाकलं होतं. टाकलेल्याला कसं वाटतं ते या माळावर मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं."

म्हैस खाली बघत म्हणाली, "ओंडका मी दिला, बाई." आणि निघून गेली. हळूहळू बाकीचेही गेले.

ऊन कलायला लागलं आणि हवेत गारवा आला. शेळी वाडग्याच्या कोपऱ्यात एकटीच बसली होती. कुत्र्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती. आता हा जाईल, गेलाच पाहिजे, असं ती मनाशी म्हणत होती. तेवढ्यात पाठीमागे काहीतरी सरकलं. कुत्रा लटलट कापत तिच्या पोटाशी आला आणि अंगाचा सगळा भार त्याने तिच्यावर टाकला.

"जरा सरक की," असं शेळी त्या दिवशी म्हणाली नाही.

ते लोढणं तिने फेकून दिलं नाही. वाडग्याच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं. कुणी विचारलं, "हे काय गं?" तर ती काही न लपवता पहिल्यापासून सगळं सांगते. प्रत्येक वेळी तिची मान खाली जाते. तरी सांगते.

तात्पर्य : ज्याला आपण आपलं म्हणून घरी आणलं, त्याच्या गळ्यात आपली भीती बांधू नये, आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकावं. आणि बाळांनो, तुमच्या शेजारीपाजारी कुणी टाकून दिलेलं जनावर घरी आणणार असेल, तर त्यांच्या दारी जाऊन ही गोष्ट तेवढी सांगून या.