हजार पानांचा दरवाजा

एका राज्यात सुलतान मुनीर यांचा दरबार होता, आणि त्या दरबाराला सागवानी दरवाजा होता. मैमूनाने तो कोरला, तिचा नवरा इद्रिस याने रंगवला. काप तिरके, पानातून पान निघालेले, मधे बोटभर जागा मोकळी नाही. "तुमचा रंग जाड. माझी नक्षी बुजते," मैमूना म्हणे. इद्रिस फणफणे आणि रंगाचा आणखी एक हात देई.

एके दिवशी जरगून जादूगार आला. इद्रिसला म्हणाला, "या दरवाजावर माझे नाव सोन्याने लिही."

इद्रिस म्हणाला, "इथे सुलतानांचेही नाव नाही. ही जागा अल्लाच्या नावाची."

जरगूनने फुंकर मारली. इद्रिस दरवाजातले एक पान झाला, आणि राज्यातले सगळे रंग जरगूनच्या झग्यात गेले. डाळिंबेसुद्धा राखाडी पडली.

तेव्हा हुदहुद पक्षी दरवाजावर येऊन बसला आणि बोलला, "मैमूना, तीन कामे कर. जिन्नाची पटाशी आण. नागाच्या गुहेत शाप पोचलेला नाही, तिथला निळा दगड आण. मग तुझ्या इद्रिसचे पान ओळखून काप आणि त्याला दगड उगाळून निळा रंग लाव. चुकीच्या पानाला पटाशी लागली, तर तो कायमचा लाकूड."

जिन्नाला तिने नक्षीदार पाट करून दिला. तो त्यावर ऐसपैस बसला आणि खुशीत पटाशी देऊन मोकळा झाला. नागाच्या अंगावरच्या नक्षीचे तिने मनापासून कौतुक केले. नाग लाजला. दगड घेऊन मैमूना परतली.

पण तिसरे काम! हजार पाने, सगळी तिच्याच हातची, सगळी सारखी. आयुष्यात प्रथमच तिला आपल्या सफाईचा राग आला.

"काप की," तमाशा बघायला आलेला जरगून हसला.

मैमूनाने डोळे पुसले, दरवाजापाशी उभ्या असलेल्या सुलतानांकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "हुजूर, खरे सांगते. या दरवाजाचे सगळे श्रेय माझे. इद्रिसला रंगातले काही कळत नाही. त्याच्यापेक्षा भिंतीला चुना फासणारा बरा!"

वरच्या कोपऱ्यातले एक पान लालबुंद झाले. जादूने रंग नेले होते, राग नेला नव्हता.

पटाशी बसली, निळा हात फिरला, आणि इद्रिस धपकन खाली येऊन ओरडला, "चुना फासणारा?" मैमूना हसता हसता ढसाढसा रडली. त्याच्यावाचून तिला जगायचेच नव्हते.

झग्यातले रंग भराभर डाळिंबांत, आभाळात, पोराबाळांच्या गालांवर परतले. जरगून पांढराफटक पडला, तो कायमचाच, आणि वाऱ्याने त्याची भुकटी उडवून नेली.

नौबत झडली, दरवाजा उघडला. सुलतान बाजूला सरले. "आधी तुम्ही दोघे," ते म्हणाले. "आम्ही मागून येतो."

आणि साऱ्या राज्याने पाहिले, पुढे कोरणारी आणि रंगारी, मागे तख्ताचा धनी. त्या राज्याची कळा जशी परतली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरीही नांदो.