भिंगडॉक्टर आणि जळाईची बारव

फार वर्षांपूर्वी, उंबरदऱ्याच्या घराघरात एक तरी माणूस पाय धरून खाटेवर पडलेला असायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात येसू नावाची एक तरुण आई होती, आणि तिला एकाच काळजीनं झोप लागत नसे: आपल्या मंजीच्या पायातून यंदा नारू निघाला तर?

नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबच लांब जंत. कातडीवर फोड यायचा, तो फुटला की जंताचं टोक दिसायचं, आणि मग ते काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचं. मध्येच तुटला तर पाय सडायचा. येसूचा दीर तसाच गेला होता. मंजीला डास चावला तरी येसू नवस बोलायची. इतके नवस झाले होते, की कुठला कशासाठी हे तिचं तिलाच आठवत नसे.

गावात पायऱ्यांची खोल बारव होती आणि तळाशी जळाई देवी. पायाची आग व्हायला लागली की पायऱ्या उतरायच्या आणि जळाईच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. बाकीच्यांनी तिथूनच घागरी भरायच्या.

अशा गावात डॉक्टर मार्तंड सोनटक्के आले. डोळ्याला भिंग लावून ते सात महिने शेवटच्या पायरीवर बसून होते, असं म्हणतात. त्या भिंगातून थेंबभर पाण्यात अख्खा आठवडी बाजार दिसायचा, असंही म्हणतात. त्यांना दिसलं ते असं: नारूचा पाय पाण्यात बुडाला की फोडातून दुधासारखं काही सुटतं, ती नारूची पिल्लं. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात. ते किडे घागरीतून माणसाच्या पोटात जातात आणि वर्षानं पायातून नारू निघतो.

"दुखरा पाय पाण्यात घालू नका, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या," डॉक्टर म्हणाले. "एवढंच."

भगत धोंडजी उसळला. "आईचं पाणी गाळायचं? उद्या आईच्या दुधातही किडे शोधाल!"

"आई निर्मळच आहे, भगतबुवा. पाय तुमचे आहेत."

आणि त्यांनी सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी न गाळता पिऊन टाकलं. "वर्षभर मी हेच पिईन. एका घरानं गाळून प्यावं. मग दोघांचेही पाय बघा."

कोणी पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशी येसू दवाखान्याच्या मागच्या दारानं आली. "साऱ्या घराचं नाही जमायचं, डॉक्टरसाहेब. सासूबाई हाकलून देतील. मंजीपुरतं गाळीन. पण माझं नाव..."

"तू सांगशील तेव्हाच," डॉक्टर म्हणाले.

वर्षभर ती लुगड्याचा पदर दुहेरी करून चोरून पाणी गाळत राहिली. आपण शहाण्या आहोत की करंट्या, हे तिला एक दिवसही ठरवता आलं नाही.

वर्ष भरलं. डॉक्टरांच्या पायातून नारू निघाला. सरळ केला असता तर बारवेला वेढा बसला असता, असं म्हणतात. येसूच्या सासूलाही फोड आला. मंजी अंगणात लंगडी खेळत होती.

चावडीवर गाव जमलं. "डॉक्टरला आईनं शिक्षा दिली," धोंडजी म्हणाला. "नाहीतर एकाच घागरीचं पाणी पिऊन सासूला नारू आणि पोर धडधाकट, हे कसं? बोल गं येसू."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर लोकांना कळलं असतं. सासू मात्र बघत होती.

"जळाईची कृपा," येसू म्हणाली.

डॉक्टरांचा नारू चावडीवरून उठतानाच तुटला, असं म्हणतात. पाय सडला, ताप चढला, आणि ते गेले. त्या दिवशी बारवेचं पाणी तीन पायऱ्या खाली उतरलं, आणि तेवढ्यानं ते गावाचे देवमाणूस झाले.

शेवटच्या पायरीजवळ धोंडजीनंच त्यांच्या पादुका ठेवल्या. आजही त्यांच्या तिथीला त्या पादुका बारवेत बुडवतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून पितात. मात्र आधी दुहेरी फडक्यातून गाळतात. का, असं विचारलं तर रीत आहे म्हणतात. डॉक्टरांनी काय शोधून काढलं होतं, ते कोणी सांगत नाही.

ही रीत पडली पहिल्याच तिथीला. धोंडजीनं मंजीच्या ओंजळीत तीर्थ ओतलं. सगळं गाव बघत होतं. येसूला ओरडायचं होतं, पण तिनं नुसता पदर मुठीत आवळला. मंजीनं ओंजळीत पाहिलं, ती तशीच आईपुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,

"आई, पदर धर की. रोज धरतेस ना?"