दौलूचा दोर

"मग दौलूला दोरावरनं काढायचं की नाही, तेवढं बोला बुवा."

केरबामास्तरानं हे उभ्यानंच विचारलं. मठाच्या पायरीवर बसायचंही त्याला सुचलं नाही. मागं आम्ही सगळी भावकी, माना खाली घालून.

जोतिबाच्या यात्रेला आमच्या गावची सासनकाठी जाते. पस्तीस फुटी वेळू. एकानं बुंधा कमरेच्या पट्ट्यात पेलायचा, चौघांनी चार बाजूंनी दोर ताणून धरायचे. पेलायचा मान केरबाचा. एका दोराचा मान दौलूच्या घराचा, तीन पिढ्यांचा. दौलू केरबाचा चुलतभाऊ. दोघांत बांधावरनं भांडण, कोर्टात गेलेलं. दौलू दोरावर असेल तर मी काठी उचलणार नाही, असं केरबानं सांगून टाकलं. पंचांनी हात टेकले. म्हणाले, रेवणबुवा सांगतील तसं.

केरबा तालुक्याला तंत्रनिकेतनात शिकवतो. बलांचा समतोल हाच त्याचा विषय. त्यानं बुवांना गणितच ऐकवलं. दौलू मुद्दाम जोरानं ओढतो, दोराच्या ताणानं काठी खाली दाबते, आणि तो दाब माझ्या कमरेवर येतो. तो गेला की भार कमी.

गणितात चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

 मान गेला तर दौलूला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"उभी कर," बुवा म्हणाले.

मठाच्या अंगणातच केरबानं काठी पेलली. आम्ही दोर ताणले. मी डाव्या बाजूला. दौलूच्या बरोबर समोर केरबाचा सख्खा भाऊ बाळकू. काठी खांबासारखी थांबली.

"कोण ओढतंय?" बुवांनी केरबाला विचारलं.

"दौलू. दुसरं कोण?"

बुवा उठले. ऐंशीचं शरीर, भिंत धरत धरत दौलूपाशी गेले. त्याच्या हातातला दोर आपल्या हातात घेतला...

आणि सोडून दिला.

मला अजून खरं वाटत नाही. वेळू करकरला आणि बाळकूच्याच अंगावर आला. वीतभरानं वाचला तो. केरबा पट्ट्यासकट फरफटत जाऊन फरशीवर तोंडघशी पडला. देवाची काठी जमिनीवर. आमच्या गावात हे कधी झालं नव्हतं.  बायका तोंडाला पदर लावून उभ्या, एक म्हातारी रडायलाच लागली.

केरबा उठला. ओठ फुटलेला.

"बुवा... काठी तुम्ही पाडलीत."

"मी सोडली. ओढत कोण होतं?"

केरबानं वळून बघितलं. बाळकू अजून दोर गच्च धरून उभा होता. बिचाऱ्यानं वेगळं काही केलं नव्हतं. भावासाठी ओढतो तसाच ओढत होता.



मग केरबा वाकला. सुटलेला दोर उचलून दौलूच्या हातात दिला. तोंडाकडं मात्र बघितलं नाही.

दौलू म्हणाला, "बुवा, आता जरा सैल धरू का?"

"सैल का? भाऊबंद आहेस ना त्याचा? ओढून धर."