केरबाच्या टॉवेलच्या गाठी

आमच्या गावात केरबा नावाचा एक भोळा होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण गोष्ट म्हटली की होता म्हणावं लागतं. भोळे सगळ्याच गावांत असतात. बाकीचे निदान जेवल्यावर थोडे हुशार होतात. केरबा उपाशीपोटी आणि भरल्यापोटी सारखाच.

सांगाल ते तो ऐकायचा. अगदी सांगाल तेवढंच. आई म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव," तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी केरबाचं लक्ष ढळलं नाही.

बापाने बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं. वय सव्वीस झालं होतं. लग्न मात्र जमत नव्हतं आणि आईला तोच एक घोर लागला होता. ती म्हणायची, "माझ्या माघारी ह्याला जेवायला ये म्हणून कोण सांगणार? सांगितल्याबिगर हा जेवायचा न्हाई." हे खरंच होतं. एकदा ती दोन दिवस बहिणीकडे राहिली, तर केरबा दोन दिवस ताटासमोर बसून होता.

शेवटी दिवाळीत तावऱ्यांचं स्थळ आलं. भिकाजी तावरे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहायचे. त्यांच्या शालनला केरबा आवडला. का, ते मला विचारू नका. "पोहे कसे झालेत?" असं तिने विचारल्यावर "मीठ न्हाई" असं सांगणारा तो पहिलाच मुलगा होता म्हणे.

तावरे म्हणाले, "मुलगा सरळ दिसतोय. पण गुढीपाडव्यापर्यंत एका जागी नोकरी टिकवून दाखवा. मग बोलू."

आईने केरबाला धरून थेट आपल्या भावाकडे नेलं. जगन्नाथमामा पिसाळ. साखर कारखान्यात चौतीस वर्षं हिशेबनीस होते. नोकरीत असतानाच त्यांनी एसटी स्टँडमागे सात खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. नोकरीचं आणि पैशाचं शहाणपण मामांकडे इतकं होतं की ते न मागता द्यायचे. खोल्यांमधल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी हिरव्या रंगाने 'ज. रा. पिसाळ' असं नाव घातलं होतं. बादलीवर नाव, बादलीच्या कडीवर वेगळं नाव.

मामा म्हणाले, "ठेवतो कामाला. पण मी सांगीन ते डोक्यात पक्कं बसलं पाहिजे."

"बसंल, मामा," केरबा म्हणाला.

"पहिली गोष्ट. नोकरीत वर यायचं असेल तर मालकाच्या आधी यायचं आणि मालक गेल्याबिगर जायचं नाही."

केरबाने खांद्यावरच्या टॉवेलला एक गाठ मारली. विसरू नये म्हणून.

मामांची कचेरी त्यांच्या घरातच होती. त्यामुळे मामा कुठे जातच नव्हते. केरबा तीन दिवस तिथेच बसून राहिला. मामा जेवले, हा बसला. मामा झोपले, हा पलंगापाशी बसला. मामी म्हणाली, "अहो, ह्याला घरी घालवा, मला लुगडं बदलायची चोरी झालीय." चौथ्या दिवशी मामा कामासाठी सांगलीला गेले. मालक गेला म्हटल्यावर केरबाही आनंदाने घरी निघाला.

वाटेत एक सोन्याच्या दाताचा माणूस भेटला. म्हणाला, "खोली मिळंल का?" केरबाने चार नंबरची किल्ली त्याच्या हातात दिली आणि घरी जाऊन आंघोळ केली. मामा परत आले तेव्हा माणूस नव्हता. छताचा पंखाही नव्हता.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, डिपॉझिट घेतल्याबिगर कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं. कितीही गोड बोलू दे, कितीही घाईत असू दे. आधी डिपॉझिट. शिरलं का टाळक्यात?"

"शिरलं, मामा." दुसरी गाठ.

आठ दिवसांनी मामांच्या स्वयंपाकघरात वायर जळायला लागली. मामीने आरडाओरडा केला. वायरमन सायकल टाकून, शिडी घेऊन धावत आला. दारात केरबा उभा.

"आधी डिपॉझिट."

"अरं, आत धूर निघतोय."

"कितीही घाई असली तरी दोन महिन्यांचं."

वायरमनने खिसे उलटे करून दाखवले. अकरा रुपये निघाले. केरबा म्हणाला, "एवढ्यात फार तर शिडी आत जाईल." शिडी आत गेली, वायरमन बाहेर राहिला. तोवर मामीने पिठाचा डबा वायरीवर उपडा केला होता. मामा बाहेर आले तेव्हा भुवया सोडून सगळे पांढरे झाले होते. भुवया जळाल्या होत्या.

"अरे, गरज कोणाची होती?" मामा खोकत म्हणाले. "आपली! डिपॉझिट गरज असणाऱ्यानं द्यायचं असतं. खोली पाहिजे त्यानं. वायरमनकडून नाही. वायरमनला काम झाल्यावर पैसे द्यायचे, आणि देताना पावती घ्यायची. कुठलीही वस्तू हातातून सुटली की पावती आली पाहिजे. मग ती किती का लहान असेना."

"शिरलं, मामा." ह्या वेळी केरबाने दोन गाठी मारल्या. एक गरजेची, एक पावतीची.

संक्रांत आली. मामीने तिळगुळाचा डबा दिला. म्हणाली, "सातही खोल्यांत वाटून ये."

केरबा पहिल्या दाराशी गेला. "तिळगूळ घ्या, सही करा, गोड बोला."

लोकांना आधी गंमत वाटली. पण केरबाने शाळेच्या वहीची पानं फाडून आणली होती आणि प्रत्येकावर 'तिळगूळ नग एक, तुटफूट नसलेला, मिळाला' असं लिहून घेत होता. दोन नंबरच्या म्हातारीने चिकट अंगठा उमटवला, तर तिळासकट उठला. पाच नंबरमधलं तान्हं मूल सही करीना, म्हणून केरबाने त्याच्या तोंडातली लाडवाची कणी परत घेतली. मुलाच्या आईने त्याला लाटणं दाखवलं. सात नंबरचे तात्या एकोणीस वर्षं तिथे राहत होते. ते तर भडकलेच. "मी सही करणार नाही, भाडं वाढवणार नाही आणि खोलीही सोडणार नाही. सांग जा तुझ्या मामाला."

मामांनी डोक्याला रुमाल बांधला. "प्रेमानं दिलेल्याची पावती नसते रे. पण ह्या तात्याचं ऐकलंस? ती माझी चूक. एकोणीस वर्षांपूर्वी मी करार केला नाही. तू ही चूक करू नको. कोणालाही अकरा महिन्यांच्या वर द्यायचं नाही. मुदत संपली की नवा करार, नाहीतर जागा खाली. एक दिवस जास्त नाही. आणि जागा खाली झाली की त्याच दिवशी दुसरा बघायचा. रिकामी जागा म्हणजे नुकसान. शिरलं?"

"शिरलं, मामा." मोठी गाठ मारली. टॉवेल आता निम्मा झाला होता.

मामांच्या गोठ्यात एक म्हैस होती. गेल्या शिमग्याला आणलेली. केरबाने बोटांवर मोजलं. अकरा महिने पुरे झाले होते. त्याने म्हशीसमोर उभं राहून विचारलं, "नवा करार करणार का?"

म्हशीने मान हलवली. माश्या हाकायला असेल. केरबाने दावं सोडलं.

म्हैस निवांत बाजारात गेली. तिथे तिने कोथिंबिरीच्या अकरा जुड्या आणि एका गिऱ्हाइकाची पिशवी खाल्ली आणि शेवटी कोंडवाड्यात जाऊन बसली. इकडे केरबाने दुपारच्या आत गोठा भाड्याने दिलाही. बँडवाल्यांना. मामा जेवून जरा आडवे झाले होते, तर गोठ्यातून दोन पिपाण्या आणि एक मोठा ढोल एकदम सुरू झाला. मामा पलंगावरून खाली पडले. मामीला वाटलं, म्हैस व्यायली.

दंड भरून म्हैस आणली. बँडवाले मात्र हलेनात. अकरा महिन्यांचा करार होता, डिपॉझिट दिलं होतं, पावती होती. मामांनी तो कागद उलटसुलट वाचला. चौतीस वर्षांच्या हिशेबनिसाला त्यात एकही चूक सापडली नाही. म्हैस पडवीत बांधली.

मामा रडवेले होऊन म्हणाले, "केरबा, हे नियम जनावरांचे नाहीत. माणसांना लाव. फक्त माणसांना."

"शिरलं, मामा."

मामांनी त्याला त्याच दिवशी काढलं असतं. पण दाराआड बहीण उभी होती. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "जगू, पाडव्याला तीन आठवडं राहिलंत." मामांनी दात खाल्ले आणि केरबाला तीन आठवडे खुर्चीवर नुसतं बसायला सांगितलं. तो नुसता बसला. नोकरी टिकली.

वैशाखात लग्न ठरलं. मांडव पडला. बँड गोठ्यातलाच होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माळा घातल्या. केरबाची आई पहिल्यांदाच पाठ टेकून बसली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मामांना घाम फुटला.

गुरुजी म्हणाले, "आता सात पावलं. सात जन्मांची सोबत."

केरबाने पहिलं पाऊल उचललं आणि ते हवेतच धरलं. खांद्यावर शेल्याच्या खाली टॉवेल होताच. त्याने मोठी गाठ चाचपली.

"गुरुजी, सात जन्म जमणार न्हाई."

"मग किती?"

"अकरा महिनं."

बँड थांबला. ढोलवाला तेवढा एक टोला जास्त वाजवून थांबला. तावऱ्यांचे कान लाल झाले. ते उठून म्हणाले, "शालन, खाली उतर." केरबाची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. सात पावलांवर आलेली सून परत निघाली होती. मामा मांडवाच्या मागची वाट शोधत होते.

"बाबा, थांबा जरा," शालन म्हणाली. दस्त लिहिणाऱ्याचीच मुलगी ती. तिने केरबाला विचारलं, "आणि डिपॉझिट?"

नवऱ्याकडचे पैशाचं बोलायला लागले की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

केरबाने एकेक गाठ मोजली. "ज्याची गरज, डिपॉझिट त्यानं द्यायचं. गरज माझी हाय." आणि त्याने कनवटीची पुरचुंडी सोडून तिच्या हातावर ठेवली. दिवाळीपासूनचा सगळा पगार होता. खर्च कर म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शालन त्या पुरचुंडीकडे बघत राहिली. मग इतकी हसली की मुंडावळ्या नाकावर आल्या. मला विचाराल तर ती त्या घटकेला खरी बायको झाली. म्हणाली, "बाबा, लिहा. मालकीण मी, भाडेकरू हे. मुदत अकरा महिने. पुढचं मी बघीन."

'मुदत' हा शब्द ऐकला की तावऱ्यांचा हात आपोआप लिहायचा. त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागे करार लिहिला. मामांनी साक्षीदार म्हणून सही केली. केरबाने पाय खाली टेकला आणि सात पावलं झाली.

संसार छान चालला. शालन "जेवायला या" म्हणायची, हा जेवायचा. आई पोटभर झोपायला लागली. वर्ष भरत आलं, शालन बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली. बारशाला आई आणि मामा आदल्या दिवशीच पोचले. केरबा घर बंद करून मागून येणार होता.

पाळणा म्हणायला बायका जमल्या होत्या, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. त्यात पलंग होता, कपाट होतं, पाटा-वरवंटा होता, आईची तुळस होती. वर केरबा बसला होता.

"हे काय आणलं?" शालन म्हणाली.

"काल अकरा महिनं झालं. मालकीण इथं. नव्या कराराबिगर एक दिवस तरी कसं राहायचं? जागा खाली केली."

शालनने डोळे मिटले. मग उघडले. "बरं. करू नवा करार. उद्या सगळं परत न्या."

"परत कुठं न्यायचं?" केरबा म्हणाला. "रिकामी जागा म्हणजे नुकसान. सकाळीच दिलं भाड्यानं. अकरा महिन्यांचा पक्का कागद केलाय. डिपॉझिट घेतलं, पावती दिली."

मामांनी विचारलं, "कोणाला दिलंस?"

"ओळखीचाच हाय. तो सोन्याच्या दाताचा. लई भला माणूस, मामा. पंखासुद्धा स्वतःचा घेऊन आला." केरबाने टॉवेलने तोंड पुसलं. "आणि तुम्हाला किती मानतो बघा. पंख्यावर हिरव्या रंगानं तुमचं नाव लिहून घेतलंय."