काडीचा माळ

गावाच्या वरच्या अंगाला दिसतो तो काडीचा माळ. तिथे कमरेएवढे गवत माजते, पण त्याला कुणी विळा लावत नाही. पाहुण्यांना याचे हसू येते. हसू द्यावे, त्यांना लाडाई कुठे माहीत असते!

फार पूर्वी या खोऱ्यात आगोळे आणि वाघझरे अशी दोन कुळे नांदत होती. एकमेकांची गुरे पळवणे हाच त्यांचा पुरुषार्थ, असे सांगतात. पण धाडीलाही कायदा होता. आडवा येईल त्याला मारावे. दातांत गवताची काडी धरील तो मात्र गायीसमान, त्याच्यावर हत्यार चालवू नये. कुणी चालवलेच, तर त्याचा जीव मेलेल्याच्या बायकोच्या हाती.

लाडाई ही वाघझऱ्यांची लेक आणि आगोळ्यांची सून. एके सकाळी माहेरचीच धाड सासरच्या माळावर चालून आली. सगळ्यांत पुढे तिचा थोरला भाऊ सुभानजी. नवरा रायाजी तलवार उपसून निघाला, तशी लाडाईने त्याची वाट अडवली.

"धनी, तलवार टाका, काडी धरा. म्होरं माझा दादा हाय. तुमच्या केसालाबी धक्का लागायचा न्हाई."

रायाजीने बायकोचे ऐकले. पण आदल्या साली त्याने सुभानजीचे बैल वळवून नेले होते, आणि तो सल सुभानजीच्या मनात ताजा होता. त्याने काडी पाहिली आणि तरीही वार केला. लाडाईने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले, तेव्हा काडी दातांतच होती. आपल्या शब्दावर हा माणूस हात रिकामे करून उभा राहिला, याने तिचे काळीज फाटले.

दोन्ही कुळांचे पंच माळावर बसले. सुभानजीला समोर उभे केले आणि रायाजीची तलवार लाडाईच्या हाती दिली. तेव्हा सुभानजी म्हणे खाली वाकला, पायाजवळची काडी उपटली आणि दातांत धरली. स्वतः मोडलेल्या कायद्याच्याच आड तो लपला. लाडाईने तलवार खाली टाकली.

"जा," ती म्हणाली. "तू मोडलास, म्या न्हाई मोडायची. पन आजपासनं मला भाऊ न्हाई."

ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. त्या वर्षी लाडाईने, सख्खा भाऊ धडधाकट असताना, अंगणात येऊन बीजेच्या कोरेला ओवाळले. आजही इथल्या बहिणी आधी चंद्राला ओवाळतात, मग भावाला. आणि तोवर भाऊ पाटावर मान खाली घालून बसतात.